डॉक्टर मासाळांची मागची चाकं

माझा जबडा उघडा होता, गालात कापसाचा बोळा होता, जिभेवर लवंगेच्या तेलाचा तिखट गारवा पसरत होता; आणि अशा अवस्थेत डॉक्टर मासाळांनी माझ्या डोळ्यांसमोर एक काळंभोर, तेलानं निथळणारं दातेरी चाक धरलं.

"मॅडम, एका शब्दात सांगा. लॉकर की लिमिटेड-स्लिप?"

मी "आं" म्हणाले. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

"लॉकर! माझंही मत तिकडंच झुकतंय," ते समाधानानं म्हणाले, आणि मी धक्क्यातून सावरण्याआधीच त्यांनी माझी दाढ उपटली. मधल्या वेळात त्यांनी हातमोजे बदलले होते, एवढं मी कृतज्ञतेनं नमूद करते.

डॉक्टर साताऱ्यात आमच्या शेजारी राहतात. खाली दवाखाना, वर घर, आणि पोर्चमध्ये वाळलेल्या शेवाळाच्या रंगाची एक छोटी, चौकोनी, जुनी जीप. ही जीप घेतल्यापासून त्या घराचा वासच बदलला. पूर्वी जिन्यात लवंग आणि स्पिरिट दरवळायचं. आता त्यात गिअर ऑईलचा जड, गंधकासारखा दर्प मिसळला आहे. एकदा मी साखर मागायला गेले, तर सुमनवहिनींच्या पुरणाच्या पातेल्यात जीपच्या मागच्या आसाचे अवयव रॉकेलमध्ये भिजत पडलेले. मी दारातच थिजले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बघायला आले होते, तेव्हा पोहे संपायच्या आत मला होकार दिला यांनी. या लोखंडाला मात्र वर्ष झालं, निर्णय होत नाही."

निर्णय कसला, हे साताऱ्यातल्या प्रत्येक दातदुखीवाल्याला आता पाठ झालं आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीनं फिरू देणारी दातेरी चाकांची जी मोट मागच्या आसाच्या पोटात असते, ती म्हणजे डिफरन्शियल. डांबरी रस्त्यावर तिच्यासारखी समजूतदार वस्तू नाही. चिखलात मात्र हाच समजूतदारपणा नडतो: जे चाक घसरतं ते भिंगरीसारखं फिरत राहतं, आणि ज्याच्याखाली घट्ट जमीन आहे ते ढिम्म हलत नाही.

"एक चाक नाचतंय, एक चाक बसलंय!" डॉक्टर हे म्हणतात तेव्हा त्यांच्या स्वरात अशी व्यथा असते, की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलंच कोणीतरी गेलं.

यावर उपाय दोन. लॉकर बसवला, तर बटण दाबताच दोन्ही चाकं एकमेकांशी जखडली जातात आणि एकदमच फिरतात. लिमिटेड-स्लिप मऊ स्वभावाची. नाचणाऱ्याला थोडं आवरते, बसलेल्याला थोडं ढकलते, पण एखादं चाक अधांतरी सुटलं की तिचाही नाइलाज होतो. डॉक्टरांनी माणसांचीसुद्धा याच दोन पंगतींत वाटणी केली होती. "तुमचे मिस्टर लिमिटेड-स्लिप," त्यांनी मला ऐकवलं. "आमची ही लॉकर. एकदा धरलं की सोडत नाही."

"सोडलं असतं, तर तुम्ही आज कुठल्या चिखलात असता?" वहिनी आतून म्हणाल्या.

रहिमतपूरच्या एका लग्नात तर त्यांनी मला तोंड लपवायला लावलं. नवरदेव फुलांनी मढवलेल्या जीपमधून आला होता. वाजंत्री दम खायला थांबली, आणि आम्ही पाहतो तो जीपचा मागचा भाग हळूहळू वर चढू लागला. नवरदेव पुढे कलला, मुंडावळ्या लोंबकळल्या, करवल्या किंचाळल्या. मागे डॉक्टर मासाळ, सुटाच्या बाह्या सारून, जॅक फिरवत होते! मग त्यांनी अधांतरी चाक हातानं गरकन फिरवलं, वाकून पलीकडचं पाहिलं आणि निराशेनं घोषणा केली, "उलटं फिरलं. साधंच डिफरन्शियल हाय हिला!"

"आवं डॉक्टर," वधूचे मामा हात जोडून म्हणाले, "मुहूर्त टळतोय. आमचा जावई खाली द्या."

मी या माणसाला विक्षिप्त ठरवून मोकळी झाले होते. साताऱ्याच्या गुळगुळीत रस्त्यांवर दातांच्या डॉक्टरला चिखलाचं एवढं वेड कशासाठी? दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मी त्यांना फोनवर बोलताना पाहिलं. पलीकडचा बाईचा आवाज माझ्यापर्यंत येत होता: "औंदा नगं येऊस तू. लय चिखूल झालाय." डॉक्टरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. संध्याकाळी त्यांनी लॉकर मागवला. वर्षभराचा वाद एका फोनमध्ये संपला, याचा मला धक्काच बसला.

वहिनींनी मग सारं सांगितलं. जत तालुक्यातल्या मळ्यावर डॉक्टरांची थोरली बहीण एकटी राहते, आपल्या मेंढरांसह. आक्का. भाऊबीजेला भावाला ओवाळल्याशिवाय ती पाण्याखेरीज काही तोंडात घालत नाही. गेल्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला, आणि तिच्या घराअलीकडच्या काळ्या मातीत जीप रुतली. एक चाक नाचत राहिलं, एक बसून राहिलं. वाट पाहून आक्काच ताट घेऊन निघाली, चिखलात घसरली, आणि तिचा गुडघा कायमचा दुखावला. तिला पडताना डॉक्टरांनी गाडीतून पाहिलं होतं. तिच्या उंबऱ्यापर्यंत गाडी गेलीच पाहिजे, आक्काचं पाऊल चिखलात पडता कामा नये: त्या सगळ्या तेलकट खटाटोपाचा अर्थ एवढाच होता.

वहिनींनी वाखाणलेल्या आक्काच्या ओव्या ऐकण्याच्या लोभानं यंदा भाऊबीजेला मीही डॉक्टरांसोबत निघाले. सांगली मागे पडली, तसा हवेतला उसाचा गोडसर ओलावा सरला, आणि माळावरून बाभळीचा, लेंड्यांचा, भिजलेल्या लोकरीचा वास येऊ लागला. मग ती वाट आली. काळीशार, चकाकणारी, खरवसासारखी थरथरणारी माती. डॉक्टरांनी नव्या लॉकरचं लाल बटण दाबलं. मागे कुठंतरी "खट्" झालं, जीप गुरगुरली, आणि दोन्ही चाकं खांद्याला खांदा लावून आम्हांला पार घेऊन गेली. डॉक्टर लहान मुलासारखे हसले. "बघितलं? दोन्ही चालली! दोन्ही!"

उंबऱ्याशी जीप उभी राहिली. अंगणात रांगोळी होती, पाट होता, पाटावर घोंगडीची घडी होती. दाराला कडी होती. आक्का नव्हती.

"शेजारी गेल्या असतील," मी म्हणाले.

डॉक्टरांनी दाराजवळचा रिकामा खुंटा पाहिला. काठी तिथं नव्हती. ते तसेच जीपकडे वळले. "न्हाई मॅडम. ती चिखलाकडं गेली. तिनं धरूनच ठेवलं असणार, मी अडकलोय म्हणून."

आम्ही धडपडत परत फिरलो. तुरीच्या उंच पिकाआडून बांधानं ती गेली होती, म्हणून आमची चुकामूक झाली होती. चिखल ओलांडून पाहतो तो, पलीकडच्या काठावर काठीला टेकून आक्का उभी. पदराखाली ताट, पोटऱ्यांपर्यंत काळी माती, आणि डोळ्यांत संताप.

"कुठं हुतास रं? मी हितं कवाधरनं हुबी हाय!"

"तुझ्या दारात हुतो, आक्का. येऊ नगं म्हनलीस, आन् सोताच आलीस व्हय?"

"येऊ नगं म्हनलं की तू येतोस, ठावं हाय मला." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "ह्याला ह्याच चिखलातनं पाठीवर घिऊन शाळंत सोडायची मी. पाय भरलं तर मास्तर वर्गात घ्यायचा न्हाई. आता बटान घेतलंया म्हनं."

शेवटच्या वाक्यात राग नव्हता. आपलं काम कोणीतरी काढून घेतलं, असा काहीसा स्वर होता. तो डॉक्टरांनीही ऐकला असावा.

आक्का पुढे बसली, ताट मांडीवर. मी मागे. जीप पुन्हा काळ्या मातीत शिरली. ऐन मध्यावर डॉक्टरांचा अंगठा लाल बटणावर गेला, तिथं क्षणभर टेकला, आणि परत आला. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. एक चाक नाचू लागलं. एक बसून राहिलं.

"अडकली गं, आक्का," डॉक्टर म्हणाले.

आक्काचा सुरकुतलेला चेहरा उजळून निघाला. "म्हनलं न्हवतं मी? म्हनलं न्हवतं?"

तिनं निरांजन लावलं. तूप, कुंकू, ओली माती आणि गिअर ऑईल असा अपूर्व गंध त्या छोट्या गाडीत कोंडला. डॉक्टरांनी डोक्यावर रुमाल घेतला आणि मान खाली घातली. आक्कानं सावकाश ओवाळलं, करंजी मोडून भावाच्या तोंडात घातली, उरलेली स्वतः खाल्ली.

मग पदराला बोटं पुसून, समोर पाहतच ती म्हणाली, "आता दाब ते बटान. मेंढरं पान्यावर न्यायची हायती."