जीपच्या पाईपचा पोचा

आजोबा जीपखाली उताणे पडले होते आणि वर सीटला बांधलेल्या खुर्चीत नात गाढ झोपली होती. सायलेन्सरच्या मागच्या पाईपला, वळणाच्या जरा अलीकडे, पोचा पडला होता. तोही साधासुधा नाही. कुणीतरी रागाने कोपर मारावं तसा आत गेलेला. आजोबांनी तो बोटाने चाचपला आणि बोट चटकन भाजलं. ओरडायची सोय नव्हती. वर नात झोपली होती आणि घरात लेक जागी होती.

लेक बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळाला झोप हा प्रकारच मान्य नव्हता. मांडीवर, खांद्यावर, पाळण्यात, सगळीकडे ती पहारेकऱ्यासारखी टक्क डोळे उघडे ठेवून असायची. जीपमध्ये मात्र कधीतरी तिची पापणी लवायची, म्हणून लेकीने सकाळची एक फेरी आजोबांना दिली होती. तेवढ्यात तिची अंघोळ व्हायची आणि चहा गरम असतानाच पोटात जायचा. पण फेरी दिली होती ती अटीवर. डांबरी रस्ता सोडायचा नाही, टेकडीमागच्या दगडगोट्यांच्या वाटेकडे बघायचंसुद्धा नाही. ज्या दिवशी तिकडे गाडी घालाल त्या दिवशी फेरी बंद, असं तिने चहा ढवळता ढवळता सांगितलं होतं. ती आवाज न चढवता बोलली की थेट आईवर जायची, म्हणजे पुढे अपील नाही.

आजोबांना ती फेरी म्हणजे निवृत्तीनंतर लागलेली लॉटरी होती. आणि आज नातीनेच टेकडीकडे बोट दाखवलं होतं. निदान आजोबांचं म्हणणं तसं होतं. आठ महिन्यांचं मूल दिवसभर कशाकडेही बोट दाखवतं, हा भाग वेगळा. जीप होतीच मुळी असल्या वाटांसाठी बनवलेली. ती खुशीत वर चढली, आणि उतरताना एका दगडावर बसली.

पोच्यामुळे गाडीचा आवाज बदलला. आधी ती फटफटायची. आता ती रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी पोटातून हुंकारायला लागली, हूंऽऽ, हूंऽऽ. दुसऱ्या दिवशी फेरीला निघाल्यावर चौक यायच्या आत नात झोपली, आणि गाडी थांबल्यावरही उठली नाही. लेकीने तिला अलगद उचलून आत नेलं, आणि मग स्वतः इतकी झोपली की उशीची शिलाई गालावर उमटली. उठल्यावर तिने आजोबांना विचारलं, केलंत तरी काय? आजोबांनी नम्रपणे सांगितलं की हल्ली आपण तिला गाणं म्हणून दाखवतो.

हे ऐकून आजीने पोळपाट बाजूला ठेवला. "तुमच्या गाण्याने आजवर फक्त शेजारी जागे झालेत," ती म्हणाली.

आजोबांनी मनावर घेतलं नाही. त्यांचा तेवढा विश्वास बसला होता की आपल्या गळ्यात उशिरा का होईना काहीतरी उतरलंय. काळजी एकच, तो हुंकार. लेकीने दोनदा मान वाकडी करून ऐकलं होतं आणि गाडीचा आवाज निराळा येतोय का असंही विचारलं होतं. आजोबांनी वयावर ढकललं. पण एक ना एक दिवस ती खाली वाकणार, पोचा बघणार आणि फेरी बंद होणार. तेव्हा ती वाकायच्या आत पोचा निघायला हवा होता.

गॅरेजचा रस्ता बंद होता. मेकॅनिक लेकीच्या वर्गातला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मग आजोबांना आपली नोकरी आठवली. उभी हयात पाणीपुरवठा खात्यात गेली होती, तीही वर हिमालयात. कडाक्याच्या थंडीत नळातलं पाणी गोठायचं, फुगायचं आणि चांगले जाडजूड पाईप फोडायचं. मग आजोबा बादली आणि पाना घेऊन धावायचे. त्यांनी आजीला विश्वासात घेतलं.

"या पाण्याने जन्मभर माझे पाईप फोडले," ते कुजबुजले. "आता एक सरळ करून देऊ दे की. दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं, गोठवायचं. बर्फ आतून ढकलतो, पोचा बाहेर."

"गोठवायचं कुठे?"

आजोबांनी फ्रीजकडे पाहिलं. आजी फ्रीज आणि आजोबा यांच्या मधे येऊन उभी राहिली. गाडीचं आतडं आपल्या फ्रीजमध्ये येणार नाही, हे तिने दोन वाक्यांत स्पष्ट केलं. शिवाय ते मावतही नव्हतं. आजोबांनी पाईप लपूनछपून मापून पाहिला होता. दार लावलं की पाईप बाहेर आणि पाईप आत घेतला की दार बाहेर.

राहिला कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला. त्याच्याकडे शवपेटीएवढा फ्रीजर होता आणि आजोबांनी त्याचा गळका नळ कितीदा तरी फुकट बसवून दिला होता. तो आढेवेढे घेत तयार झाला, मात्र पाईप गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून व्हॅनिलाच्या डब्यांखाली ठेवायचा असं ठरलं. आजोबांनी पाईप आतून धुतला, रबरी बुचं ठोकली, वरून तार आवळली आणि तान्ह्या मुलासारखा टॉवेलात गुंडाळून दुकानात नेला. पाईपाविना जीप सुरू केली असती तर गल्ली गोळा झाली असती, म्हणून घरी बॅटरी उतरल्याचं सांगितलं. फेरी नाही, म्हणून नात जागी. नात जागी, म्हणून सगळे जागे.  लेकीने बॅटरीकडे, मग आजोबांकडे बघितलं.

पहिल्या खेपेला पोचा अर्धा निघाला. आजोबांना इतका चेव आला की दुसऱ्या खेपेला त्यांनी पाणी काठोकाठ भरलं. पोचा पुरता निघाला, पण त्याच दमात एक बूच सुटून व्हॅनिलाच्या डब्याचा तळ फोडून आत घुसलं, आणि मागोमाग, कितीही धुतला तरी पाईपात उरलेली काजळीही गेली. आइस्क्रीमवाल्याने तो डबा आजोबांच्या हाती दिला आणि वर म्हणाला, "काका, काळं तेवढं काढून खा."

काखेतला पाईप आजोबांनी आधी मागच्या दाराशी लपवला. मग डबा घेऊन पुढच्या दाराने आले, तो लेकीने पाहिला. एवढं आइस्क्रीम कशाला, असं तिने विचारलं. आजोबांच्या तोंडून निघून गेलं की बाळासाठी.

"बाबा, तिला अजून दात नाहीत."

"आइस्क्रीमला कुठे दात लागतात," आजोबा म्हणाले, आणि आपलं उत्तर स्वतःलाच पटल्यासारखे आत गेले.

पाईप बसला. जीप सुरू केली, आणि काय सांगावं, नवीकोरी असताना फटफटायची तशी फटफटली. नातीने कान टवकारले, डोळे विस्फारले आणि रडायला जी सुरुवात केली ती चौक, बाजार, पाण्याची टाकी असं सगळ्या गावाला ऐकवत परत आणली. आजोबा गायले. नात वरच्या पट्टीत गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लेक साखरेऐवजी मीठ घालून चहा प्यायली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या संध्याकाळी ती खांद्यावर बाळ थोपटत अंगणात आली. आजोबा उगाचच जीपचा आरसा पुसत होते.

"बाबा, गाडीला काय केलंत?"

तिचे डोळे बघून आजोबांना खोटं बोलवेना. त्यांनी दगड, पोचा, बर्फ, व्हॅनिला असं सगळं ओकून टाकलं आणि किल्ली तिच्यासमोर धरली. "चुकलंच माझं. फेरी बंद कर. फक्त कधीमधी तिला नुसतं गाडीत बसवत जा. उभ्या गाडीत. मी चालू पण करणार नाही."

लेकीने किल्ली घेतली. "टेकडीवर गेला होतात ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तिला गवतात उतरवलंत ना, मोज्याला कुसळं होती. डांबरावर कुसळं उगवत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरगी झोपत होती, बाबा." तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी काय बोलणार? आणि तुम्ही नेमकं तेच दुरुस्त करून आणलंत."

मग तिने आईला हाक मारली, बाळ तिच्याकडे दिलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. दगड कुठला ते दाखवा, म्हणाली.

टेकडीमागच्या वाटेवर आजी बाळाला घेऊन गवतात लांब उभी राहिली. लेकीने जीप मागे घेतली. आजोबा दोन्ही हात हलवत मागे धावत होते, अगं हळू, अगं इंजिन आहे ते, अगं वय झालंय तिचं. पाईप दगडावर बसला, खण्ण झालं. लेकीने इंजिनाचा वेग वाढवून ऐकलं. शिट्टी वाजत होती. तिने नकारार्थी मान हलवली आणि गाडी पुन्हा मागे घेतली. या वेळी आजोबांनी डोळे मिटून घेतले.

हूंऽऽ.

सगळे गाडीत बसले. चालवायला आजोबा, शेजारी लेक, मागे आजी आणि खुर्चीत बांधलेलं बाळ. जीप हुंकारत खाली उतरली, डांबरी रस्त्याला लागली, चौक गेला, बाजार गेला. घराचं फाटक दिसल्यावर आजोबांनी वेग कमी केला.

"थांबू नका," आजी मागून हळूच म्हणाली.

"झोपली का?"

"छे. ही बसलीय आपली दिवे मोजत."

आजोबांनी शेजारी पाहिलं. लेकीची मान त्यांच्या खांद्याकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि किल्ली घेतलेला हात मांडीवर उताणा पडला होता.

आजोबांनी फाटक मागे टाकलं आणि गाडी पुन्हा चौकाकडे वळवली.