साहेब शेवटपर्यंत बसले

"दहा मिनिटं हं ताई, पुढे अजून एक मीटिंग आहे," मैदानात पाऊल टाकताटाकताच उद्यानखात्याच्या साहेबांनी जाहीर करून टाकलं.

ताईचं वय अवघं एकवीस, पण वस्तीतल्या पोरापोरींनी तिलाच पुढे केलेलं. वस्ती इथली मूळची. शहर मागाहून आलं आणि घरमालकासारखं पाय पसरून बसलं. आता मैदानातलं जुनं झाड पाडून तिथे गाड्या लावायची जागा होणार होती. त्याच झाडाखाली वस्ती गोल करून बसायची आणि शेवटच्या माणसाचं बोलून होईतो कुणी उठायचं नाही, असा रिवाज. साहेबांचा रिवाज निराळा. मागच्या तिन्ही बैठकांना ते आले, बोलले आणि कुणी तोंड उघडायच्या आत गेले. आज झाड वाचवायच्या अर्जावर त्यांची सही झाली नाही, तर सोमवारी झाडावर कुऱ्हाड.

"साहेब, त्या बाकाला रंगाऱ्याने सकाळी..."

"माहितीये! मीच रंगवून घेतलाय काल. 'रंग ओला आहे' म्हणून पाटी लटकत होती, ती पण काढायला लावली. फोटोत बरी दिसते का?" आणि साहेब बाकावर ऐसपैस टेकले.

"...दुसरा हात दिलाय," ताईने वाक्य पुरं केलं.

साहेबांनी हळूच बोट टेकवून पाहिलं. हिरवंगार. समोर खात्याचा फोटोग्राफर, भोवती अख्खी वस्ती, आणि पँट पांढरीशुभ्र.

दहा मिनिटं झाली. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "साहेब, पुढची मीटिंग..."

"रद्द कर," साहेब पुटपुटले.

मग काय, वस्तीने बाकाभोवतीच गोल धरला. पोरं बोलली, पोरी बोलल्या. वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीने तर आपल्या लग्नापासून सुरुवात केली.

"झाडाचं सांग ना गं आजी!"

"तिथंच येतेय. घाई आहे का साहेबांना?"

"छे छे," साहेब कसनुसे हसले.

दुसऱ्या तासाला मात्र ते खरंच ऐकू लागले. "म्हणजे तुमच्या सासूबाईंनी लावलं हे? मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही बसलाच नव्हतात कधी," आजी म्हणाली.

साहेबांनी गुमान पेन काढलं आणि सही केली. गोल उठला, साहेब तेवढे बसूनच. ताईला त्यांची दया आली. आजीच्या खांद्यावरचं हातमागाचं कापड घेऊन ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "उठा साहेब. मी मागे उभी आहे." उठताउठता तिने ते त्यांच्या कमरेला गुंडाळलं. वस्तीने कडाडून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या फलकावर फोटो झळकला: 'साहेबांनी वस्तीचा पोशाख मानाने परिधान केला.'

पोशाख परत करायला साहेब स्वतः आले. बाकाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ झाडाखाली मातीत बसले.

"आता नळाचं बोलायचंय," ताई म्हणाली. "त्यासाठी पाणीखात्याचे साहेब येणारेत. पण ते उभ्याउभ्याच निघून जातात."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अर्धा डबा रंग उरलाय. पाठवू?"