सत्तावन्न ते साठ किलो, मुली : एकूण खेळाडू एक

"सर, बॉक्सिंग संपून राहिली काय? आता सगळे पोट्टे एमएमएच्या मागं लागले म्हनतात."

हा प्रश्न माधवी तायडेने अकोल्याच्या क्रीडासंकुलातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, चौदा पोरींच्या देखत, कुलदीप सरांना विचारला. खरं तर प्रश्न तिचा नव्हता. गीतांजलीने आणि बाकीच्यांनी तिला पुढे ढकललं होतं : "माधे, हिंमत असन तं इचार." दहावीत गेल्यापासून माधवीकडे हिंमत भरपूर होती, फक्त ती खर्च करायला जागा सापडत नव्हती.

कोणताही खेळ आधी मैदानातून जातो, मग बातम्यांतून जातो आणि सर्वात शेवटी कागदांतून जातो. कागदांतून तो सहसा जातच नाही. म्हणून खेळाची तब्येत तपासायची तर शहाण्या माणसाने मैदानाकडे पाहू नये, कागद पाहावा.

कुलदीप सर शहाणे होते. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि म्हणाले, "प्रश्न लय चांगला आहे." (वऱ्हाडात प्रश्न चांगला निघाला, की उत्तर मिळत नाही.) "वरून सद्यस्थितीचा अहवाल मागतला आहे. तुह्यं मराठी बरं आहे. तूच लिही."

अशा रीतीने एका महान खेळाचं भवितव्य शंभरातून एक्क्याण्णव मराठीत मिळवणाऱ्या मुलीच्या हाती सोपवण्यात आलं.

तीन दिवस माधवी नोंदवह्या घेऊन बसली. जे निघालं ते अत्यंत समाधानकारक होतं. दहा वर्षांत मुलींची पदकं नऊवरून एकतीसवर गेली होती. प्रमाणपत्रं तिप्पट झाली होती. सत्कारांची मोजदाद मध्येच कोणीतरी दमून सोडून दिली होती. (सत्कार रिंगमध्येच होतात. चारही बाजूंनी दोर असल्यामुळे वक्त्याला पळता येत नाही. पळायची गरज श्रोत्यांना असते, हे बांधणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.) घट एकाच रकान्यात होती : लढती. त्या वर्षाला छत्तीस होत्या, आता चार होतात. म्हणजे पूर्वी छत्तीस वेळा मारामारी करून नऊ पदकं पडायची, आता चारच वेळा केली तरी एकतीस पडतात. कापसाला एवढा उतारा आला असता तर गावात पेढे वाटले असते.

प्रेक्षकांचाही रकाना होता. मागच्या वर्षी तीन. एक माधवीचे बाबा, एक रुग्णवाहिकेचा चालक आणि एक गृहस्थ, जे दुपारच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाचे मंडपवाले होते.

या प्रगतीचं सगळं श्रेय पालकांचं. खेळाडूला दहावीत वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत वेगळ्या जागा असतात. त्यासाठी कागद लागतो. आणि तुम्ही कोणाला हरवलंत, असा रकाना त्या कागदावर नाही. कोणालाच हरवलं नसेल तरी कागद तेवढाच गुळगुळीत असतो. हे ज्या दिवशी जिल्ह्यातल्या बापांच्या लक्षात आलं, त्या दिवशी फोन सुरू झाले.

सोयरीक जुळवताना लोक फोन करतात, ते दोघं एकत्र यावीत म्हणून. इथे फोन होतात, ते दोघी कधीच समोरासमोर येऊ नयेत म्हणून. बाकी चौकशी तीच. माधवीचे बाबा धर्मपाल तायडे पाटबंधारे कार्यालयात वरिष्ठ लिपिक. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी ते वही उघडून बसत.

"नमस्कार, महादेवराव! तुमची किती भरली? छप्पन? वा, वा. तिले तिथंच राहू द्या, आमरसाले हात नका लाऊ देऊ. आमची साठाच्या आत आहे. अन् बाळापूरवाल्याची? बावन? जमलं मंग!"

सत्तावन्न ते साठ किलो, हा गट अशा तऱ्हेने तायडे कुटुंबाच्या नावावर झाला होता. स्वयंपाकघरात डब्यांच्या मांडणीखाली वजनकाटा होता. काटा साडेएकोणसाठच्या वर गेला की आई साधनाबाई माधवीच्या ताटातली भाकर उचलत, आणि सत्तावन्नाकडे झुकला की वरून तूप सोडत. जिल्ह्यातलं हे सर्वात काटेकोर प्रशिक्षण होतं. त्यातून माधवीला तीन सुवर्णपदकं मिळाली. तिन्ही वेळा ती लाल हातमोजे घालून रिंगमध्ये चढली, समोरचा कोपरा रिकामा होता, पंचांनी तिचा हात वर केला आणि ती उतरली. एकदा तर तिला घामही आला होता, पण तो मे महिना होता.

"पाह्य वं तुह्यं नाक," गीतांजली म्हणायची, "कसं नवंकोरं आहे! दुकानातल्यावानी."

सगळ्या पोरी हसायच्या. माधवीही हसायची, पण तिला एक गोष्ट खरोखर माहीत नव्हती, आणि तिची तिला शाळेतही, जेवतानाही आठवण व्हायची : आपल्याला बॉक्सिंग येते का? सव्वादोन वर्षं तिने पोत्याला मारलं होतं. पोतं उलटून मारत नाही. हा पोत्याचा चांगुलपणा झाला, पण त्यावरून स्वतःबद्दल मत बनवता येत नाही.

अहवालात तुलना हवी, म्हणून रविवारी ती गीतांजलीला घेऊन बडनेऱ्याला उतरली आणि ऑटोने अमरावतीत गेली. तिथे टायरच्या दुकानावर पियुषदादाचं एमएमएचं, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं, केंद्र होतं. मधोमध पिंजरा. त्याची जाळी रानडुकरांपासून हरभरा वाचवायला शेताला लावतात तीच होती, आणि आतली माणसं पाहता निवड योग्य वाटत होती.

"आपल्याकडं सगळं चालते, ताई," पियुषदादा म्हणाला. "बुक्की, लाथ, गळा दाबनं. मोकळं काम."

"अन् सर्टिफिकेट?"

"ते नाही भेटत. आपला खेळ सरकारच्या यादीतच नाही न."

माधवीने लिहून घेतलं : *प्रमाणपत्र नसल्यामुळे येथे नाइलाजाने लढावे लागते.* एकूण सभासद एक्केचाळीस. त्यांपैकी एकोणतीस पिंजऱ्यासमोर हाताची घडी घालून फोटो काढायला येतात. आठ जणांनी एक जानेवारीला नाव घातलं, ते दोन जानेवारीपर्यंत नियमित होते. उरलेले चार लढतात. इकडे चार लढती, तिकडे चार लढणारे. म्हणजे या दोन खेळांत कोण मागे पडतंय, या प्रश्नावर देशभर जो वाद चालतो, तो वऱ्हाडात बरोबरीत सुटला होता.

त्या चारांत एक मुलगी होती, सीमा. ती अंजनगाव सुर्जीहून एसटीने यायची. होती बॉक्सरच, पण गावात सरावाला कोणी नाही म्हणून इथे.

"कोनत्या वजनात खेळतं?" माधवीने विचारलं.

"साठ ते त्रेसष्ट. विभागाच्या स्पर्धेत अकरा पोरी असतात आमच्यात."

"अकरा! कावून?"

"आमच्या बापायकडं कोनाचा नंबर नाही न."

"किती जिंकली?"

"एक. चार हरली."

'हरली' हा शब्द इतक्या ऐटीत म्हणता येतो, हे माधवी पहिल्यांदाच ऐकत होती. पाच लढती! तिच्या अख्ख्या जिल्ह्याच्या वर्षाच्या कोट्याहून एक जास्त.

"खेळतं काय? फक्त बुक्क्या," सीमा म्हणाली.

पहिल्याच मिनिटात सीमाची डावी बुक्की माधवीच्या नाकावर बसली. डोळ्यांत पाणी, कानात शिट्टी, आणि समोर दोन सीमा. गीतांजली जाळीला धरून ओरडली, "माय वं! माधे, बाहेर ये!" माधवी बाहेर आली नाही. दुसऱ्या फेरीत तिची उजवी बुक्की सुटली आणि लागली. पोत्याला लागते तशी नव्हे. पोतं "अरे बाप्पा" म्हणत नाही.

"अरे बाप्पा," सीमा एक पाऊल मागे सरून हसली. "येते की वं तुले!"

तीन सुवर्णपदकांवर मिळून हे वाक्य कुठेच कोरलेलं नव्हतं.

परतीच्या गाडीत, बडनेरा ते अकोला, एका हाताने नाकाला ओला रुमाल धरून माधवीने निष्कर्ष लिहिला. *बॉक्सिंगचा ऱ्हास होत नसून ते पूर्णत्वाकडे चालले आहे. लढती शून्यावर येताच एकही खेळाडू हरणार नाही. एमएमएबाबत काळजी करू नये. तो खेळ यादीत आला, की पालक एकमेकांचे फोन नंबर घेतील आणि पिंजरा आपोआप शांत होईल.* (सरांनी नंतर 'शून्यावर येताच' खोडून 'नगण्य होताच' केलं आणि अहवाल वर पाठवला. तो आवडल्याचं कळतं.)

घरी ताटं मांडली होती.

"हे काय वं? नाक कावून सुजलं?" साधनाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"लागलं."

"कुठं?" धर्मपाल म्हणाले.

"नाकाले."

मग माधवीने पाण्याचा एक घोट घेतला आणि सांगून टाकलं. "बाबा, मी साठाच्या वर चालली. विभागाच्या स्पर्धेत साठ ते त्रेसष्टमध्ये नाव देनार आहे."

धर्मपालांनी घास खाली ठेवला. "तिथं अकरा जनी असतात, बेटा."

"म्हनूनच."

"पदक जाईन. मार्क जातीन. अवो, दोन मार्कांनं माही पयली नोकरी हुकली होती, तुले काय माहीत! मी वही घेऊन बसतो, ते काय हौस म्हनून?"

बाबांवर तिला राग येत नव्हता, ही खरी अडचण होती.

"बाबा, दोन मार्कांनं हुकली, पन तुमी पेपर तं देला होता न? मी अजून पेपरच नाही देला. मले देऊ द्या."

धर्मपालांनी ताटाशेजारची वही मिटली. साधनाबाईंनी विचारलं, "अन् तिथं तुले मार पडला तं पाहाले कोन राहीन?"

"तुमी दोघं या. नाव मी उद्याच देते. खुर्च्या रिकाम्याच असतात."

(वाचकांसाठीही जागा आहे. पण खेळाच्या ऱ्हासाबद्दल जे इतक्या कळकळीने शेवटपर्यंत वाचतात, त्यांना नेमका त्या दिवशी वेळ नसतो, हे वरच्या प्रेक्षकांच्या रकान्यावरून सिद्ध झालेलं आहे.)