सोनवणेकाकांचं मतदान

सोनवणेकाका स्कूटर सुरू करण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे नेतात, पूर्ण उजवीकडे नेतात आणि ब्रेक दाबून स्वस्थ बसतात. मागे आमच्या सोसायटीचा वॉचमन उभा असतो. लाल दिवा पेटला, असा त्याचा अंगठा आरशात दिसल्याशिवाय काका मसाट गावातल्या कारखान्याकडे निघत नाहीत. वॉचमन रजेवर असला की अंगठ्याची ड्युटी माझी. मी त्यांचा शेजारी, त्याच कारखान्यात नोकरीला, आणि त्यांच्या मते अजून शिकण्याजोगा.

काका मूळचे चाळीसगावकडचे. वीस वर्षं हवाई दलात लढाऊ विमानांच्या कंट्रोल्सची देखभाल केली. स्वतः एकदाही उडाले नाहीत, पण बोलतात असे, की वैमानिक म्हणजे त्यांनी पगारावर ठेवलेला ड्रायव्हर.

"पायलट दांडा ओढतो ना भाऊ, तो नुसता अर्ज," ते सांगतात. "मंजुरी कॉम्प्युटरची."

नव्या विमानात म्हणे दांड्यापासून पंखापर्यंत ओढायला दोर नसतो. विजेच्या तारेतून फक्त पायलटची इच्छा जाते. वेग किती, नाक किती वर, हे बघून विमानाला झेपेल तेवढंच कॉम्प्युटर मंजूर करतो. असे कॉम्प्युटर चार, आणि ते सतत एकमेकांचं उत्तर ताडून पाहतात. तिघांचं एक आणि चौथ्याचं भलतंच निघालं, तर चौथा बाद.

हा कायदा काकांनी जमिनीवरही लागू केला. घरात एकाच भिंतीवर चार घड्याळं. जे चुकेल ते दुरुस्त होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून टांगलेलं. कॅन्टीनचा चहा गोड आहे की नाही, यावरही चौघांचं मत घेतात. एकदा चौथा मी निघालो. पुढे आठवडाभर चहाबद्दल मला कुणी विचारलं नाही.

त्या रागात मी एकदा त्यांना गाठलं. दोन कॉम्प्युटर बंद पडले आणि उरलेल्या दोघांचं पटलं नाही, तर?

काका पहिल्यांदाच अडखळले. "मग काहीतरी बिघडलं एवढं कळतं. कोण बिघडलं, ते नही कळत."

गेल्या वर्षापासून काकूंना विसर पडायला लागला. मुलगी सासरी, मुलगा प्रकाश पुण्याला. घरात दोघंच. प्रकाशचे केस पिकायला आलेत, पण काकू हल्ली कुठल्याही वेळी चपला शोधतात. त्याची शाळेची बस यायची असते. काका त्यांना घड्याळं दाखवून गप्प करत असणार, अशी माझी खात्री होती.

परवा रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर काकू दारातच उभ्या.

"तूच सांग रे, बसची वेळ झाली ना?"

मी सवयीने भिंतीकडे पाहिलं. चारही घड्याळं तोंड फिरवून टांगलेली होती. काकांनी पायात चपला सरकवल्या होत्या, आणि हातात बिस्किटांचा पुडा होता, प्रकाशसाठी. ते माझ्याकडे बघत होते. ब्रेक दाबून आरशात बघतात, तसे.

मी अंगठा वर केला.

"झाली काकू. निघा तुम्ही."

"तिघांचं एक," काका म्हणाले, आणि काकूंच्या चपलेचा पट्टा लावायला खाली वाकले.