सोनकी सशिणीची चुकलेली घंटा

एका जंगलात, बाळांनो, एक रिकामं चर्च होतं. त्यात चार घंटा होत्या. माणसं गेली, घंटा राहिल्या. मग वानर गुरुजींनी त्या वाजवायचं शास्त्र काढलं.

शास्त्र सोपं. चार घंटा एकामागून एक वाजवायच्या. दर फेरीला क्रम बदलायचा, पण जागा बदलायची ती शेजारच्या घंटेशीच. असे क्रम होतात चोवीस. एकही दोनदा नको, एकही सुटायला नको. आणि चोवीस पुरे होईतो दोरी सोडायची नाही!

पहिली दोरी गुरुजींची, दुसरी अस्वलाची, तिसरी सायाळीची. चौथी सोनकी सशिणीची. सोनकी पहिलटकरीण. पिल्लू बिळात निजवून यायची, पण जीव सगळा तिकडेच.

एका सकाळी सोळावा क्रम चालू होता. सोनकीने खिडकीतून पाहिलं. बिबट्या रमतगमत तिच्या बिळाकडे निघालेला.

"गुरुजी, बिबट्या! माझं पिल्लू!"

"मोजा, बाई, मोजा. सतरावा आला."

"अहो, तोवर ते उरेल का?"

"आठच तर राहिलेत, वहिनी," अस्वल म्हणालं. "एवढं काय घाबरायचं?"

बिबट्याही मोजतच होता. चोवीस होईतो वर सगळे दोरीला अडकलेले, हे त्याला पाठ होतं. त्याने बिळात पंजा घातला.

सोनकीने डोळे मिटले आणि दोरी ओढली. ठण ठण ठण ठण! ना क्रम, ना पाळी. बाकीच्यांचे हात गोंधळून थांबले.

बिबट्या दचकला. "संपलं? म्हणजे अस्वल मोकळं झालं!" शेपूट घालून पळाला. सोनकी धापा टाकत बिळाशी आली. पिल्लू घोरत होतं.

दुपारी सभा भरली. तक्रार घेऊन बिबट्या स्वतः आला. "सोळा क्रम काय सुरेख झाले! आणि मग तो धिंगाणा. माझा नाश्ता राहिला तो राहिला, पण कलेचं काय?"

गुरुजींचे डोळे भरून आले. इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं होतं? त्यांनी बिबट्याला परीक्षक नेमलं.

"मग माझी दोरी दुसरीला द्या," म्हणत सोनकीने पिल्लू उचललं आणि ती डोंगरापलीकडे गेली.

तिच्या जागी हरिणी आली. परीक्षकांनी आपुलकीने विचारलं, "ताई, पाडस कुठे ठेवून येता?"

तात्पर्य : लेकरं काय, आणखी होतील. मोडलेला क्रम मात्र जुळत नाही. म्हणून शहाण्या आईने दोरी सोडू नये.