एकोणीस होईपर्यंत

टक्.

दुपारच्या झोपेत बुडालेल्या घरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं आणि यानिना दचकली. शेजारच्या खोलीतून सासूबाईंनी डोळेही न उघडता विचारलं, आता कुठला डबा?

डबे दोन होते. निळ्या डब्यात मायलेकींचं पुएर्तो माद्रिन बंदराला जाणाऱ्या बसचं भाडं. तिचा नवरा उलिसेस तीन महिने म्हाकूळ धरणाऱ्या बोटीवर होता. वीस तारखेला बोट तिथल्या धक्क्याला लागणार, दोन दिवस थांबणार आणि पुन्हा दोन महिने दिसेनाशी होणार. त्याच्या उशीचा अभ्रा यानिनानं अजून धुतला नव्हता. बिस्किटांचा डबा मात्र नवा. त्यात खेळाचे पैसे, बुडाले तरी चूल पेटायची थांबणार नाही, एवढेच. ते ती शेअरमध्ये घालणार होती आणि वर्षभरात नवऱ्याला बोटीवरून कायमचं उतरवणार होती. बेत इतका पक्का, की त्याची जमिनीवरची नोकरीसुद्धा तिनं मनात ठरवून टाकली होती.

"म्हणजे माझ्यासारखंच की," सासूबाई नेलिदा उठून बसत म्हणाल्या. त्या दर गुरुवारी कॅसिनोत जात.

"तुमचा जुगार, आई. ही गुंतवणूक. मागे कंपनी असते, कारखाना असतो."

"तू पाहिलायस कारखाना? मी निदान चाक फिरताना बघते. वर कॉफी फुकट."

नेलिदांची शिस्त कडक होती. ठरलेले पैसे पाकिटात, परतीचं भाडं मोज्यात, पाचाच्या ठोक्याला घरी. आकडा मात्र स्वप्नावरून. कुठल्या स्वप्नाला कुठला आकडा, हे त्यांच्या मार देल प्लाता शहरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. यानिनाला त्याचं हसू यायचं.

तिनं एका खाणकंपनीचे शेअर प्रत्येकी पंधरा हजार पेसोंना घेतले. ते चौदा हजारांवर आले. स्वस्त झालेत तर आणखी घ्यावेत, असं तिच्या डोक्यानं घेतलं आणि निळा डबाही रिकामा झाला. एकाच दिवसापुरता, अर्थात! मग भाव चढायला लागला. सोळा. सतरा. मिठाच्या बरणीला मोबाइल टेकवून ती मांसाचे कटलेट तळायची आणि ते बुटाच्या तळव्यासारखे करपायचे. तिच्या डोळ्यांसमोर उलिसेस रविवारी अंगणात निखारे फुंकत बसलेला असे, आणि त्याला परत कुठे जायचं नसे.

बुधवारी सकाळी तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं, मालेनानं, स्वप्न सांगितलं. बाबा स्वयंपाकघरात ओलेचिंब उभे होते आणि हातात काहीतरी लांब, चकचकीत.

"मासा," आजीनं निकाल दिला. "एकोणीस."

यानिना हसली. गुरुवारी भाव अठरा हजार सहाशेला पोचला. विकलं असतं तर भाडं परत डब्यात येऊन वर उलिसेसला एक शर्ट झाला असता. तिचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. एकोणीस हजार इतकं जवळ आलंय, तिनं स्वतःला सांगितलं. माशाचा याच्याशी काही संबंध नाही, हेही सांगितलं.

दुपारी खाणीची परवानगी रद्द झाल्याची बातमी आली. बाजार बंद होताना भाव चार हजार होता.

पाचाला नेलिदा आल्या. एकोणीस कॅसिनोतही लागला नव्हता. पाकिटातलं सगळं हरून, मोज्यातल्या पैशांनी बस पकडून, त्या गुणगुणतच घरात शिरल्या. टेबलावर दोन उघडे डबे आणि त्यांच्यामध्ये सून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाकीट उलटं केलं. एक कंगवा पडला आणि दोन पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांची पेन्शन एक तारखेला. शेअर विकून येणाऱ्या पैशांत फार तर अर्ध्या वाटेपर्यंत जाता आलं असतं.

"अठरावर का नाही विकलंस?"

"एकोणीसची वाट बघत होते."

नेलिदांनी कंगवा परत पाकिटात टाकला. "आणि जुगारी मी."

"मासा नव्हताच," दारातून मालेना म्हणाली. "छत्री होती."

छत्रीचा आकडा आठवायला नेलिदांचे ओठ हलले, पण सुनेचा चेहरा पाहून मिटले. त्यांनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. यानिनानं लेकीला जमेल तितक्या हळुवार आवाजात सांगितलं, की या वेळी आपलं जाणं होणार नाही, पुढच्या खेपेला नक्की.

मालेनानं थोडा विचार केला.

"मग बाबा बोटीवरून कुणाला हात करतील?"