शेषेरावांच्या गाडीतली कुईं

"गाडीला मेकॅनिक कशाला लागतोय? मोटार ती मोटार! विहिरीतली काय अन् रस्त्यावरची काय!" असं शेषेरावांनी पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं. मग नांदेडहून आणलेला ॲम्प्लिफायर अन् दोन थोरले स्पीकर त्यांनी स्वतःच्या हातानं आपल्या जुन्या गाडीत बसवले.

लोह्याच्या आसपास कुणाची बोअरची मोटार बंद पडली की शेषेरावांनाच बोलावणं यायचं, हे खरं. पण मुदखेडचे सासरे देविदासमामा! लग्न झाल्यापासून जावयाच्या हुशारीबद्दल त्यांनी एक बरा शब्द काढला नव्हता, अन् हे शेषेरावांच्या मनाला फार लागलेलं. आता मामा सप्ताहात भजनाला लोह्याला येणार होते. त्यांना गाडीतून आणायचं, वाटेत त्यांचंच भजन थोरल्या स्पीकरवर दणक्यात लावायचं, आणि तो एक शब्द पदरात पाडून घ्यायचा, असा बेत होता. मामांनी आपलं भजन मोबाईलवर पाठवलंही होतं.

बायकोची, उज्वलाबाईंची, एकच अट होती. "पहिला मान बाबांचा. त्यांच्या भजनाआधी दुसरं कायबी वाजवायचं न्हाई!"

भजन लावलं. मामांचा आवाज आला आणि त्याच्यामागं एक "कुईंऽऽऽ"!

शेषेरावांनी इंजिन चालू केलं. कुईं. बंद केलं. तरी कुईं! एक स्पीकर सोडवला तर दुसऱ्यातून कुईं. नवी वायर टाकली तर नव्या वायरीतून कुईं! दुपारपर्यंत शेषेरावांना डावं-उजवं कळेना झालं.

"उंदीर शिरला असंल," उज्वलाबाई म्हणाल्या.

"भजन लावलं की वरडतो अन् संपलं की गप! असा उंदीर असतो व्हय?"

"भाविक असंल."

शेवटी मान खाली घालून त्यांनी नांदेडच्या दुकानदाराला, रामलिंगला, फोन लावला.

"भाऊ, दुसरं गाणं लावून बघा की."

"कसं लावू? पहिला मान सासऱ्याचा हाय!"

"मग अर्थिंग बघा. अर्थिंग कमजोर असलं की आवाज येतो."

अर्थिंग! शेषेरावांचा चेहरा उजळला. अहो, हे तर घरचं काम! शेतावरच्या मोटारीचं अर्थिंग उतरलं की खड्ड्यात मीठ टाकून पाणी सोडायचं, हे लोह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ॲम्प्लिफायर सीटखाली होता, अन् त्याची अर्थिंगची काळी वायर तिथल्याच बोल्टला आवळलेली होती. घरात होतं नव्हतं तेवढं मीठ तांब्याभर पाण्यात कालवून त्यांनी बोल्टावर ओतलं.

चर्रर्र! थोडा धूर निघाला आणि कुईं बंद!

"बघितलं?"

"भजनबी बंद झालं की ओ."

"मुरू दे जरा."

नवरा-बायको गाडीतून मुदखेडला पोचले तरी काही मुरलं नाही. मामा भजनाची बाजापेटी मांडीवर घेऊन मागं बसले.

"जावई, माझं भजन लावणार होते म्हणं तुम्ही?"

शेषेरावांनी बटणं पिळली. काहीच नाही! आजही तो शब्द गेला, असं वाटून त्यांचा जीव अर्धा झाला.

"मामा, मशीनवर काय ऐकायचं? तुमच्या तोंडून ऐकायची गोडी येगळीच!"

मामा खुलले. त्यांनी पेटीचा भाता हलवला.

"कुईंऽऽऽ!"

करकचून ब्रेक! शेषेराव उतरले, डिकी उघडली, स्पीकरला कान लावले, गाडीखाली वाकून पाहिलं. मशीन मेलेलं, तरी आवाज चालूच! "हे कुठून येऊन राहिलं?"

"काय शोधून राहिले, जावई?" मामांनी खिडकीतून डोकं काढलं. एक हात भात्यावर तसाच. "हा आवाज व्हय? पेटीची एक पट्टी अडकलीय. भाता हलला की वरडतीच. तुम्हाला धाडलेल्या भजनातबी हाय की!"

शेषेराव डिकीचं झाकण धरून तसेच उभे राहिले. उज्वलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"दुरुस्तीला कुणाला द्यावी, समजत नव्हतं," मामा म्हणाले. "पण आवाज आला अन् तुम्ही लगेच उतरून शोधाया लागले. लई हुशार हाव, जावई! आता पेटी तुमच्याच हातात देतो."

ज्या शब्दासाठी एवढा खटाटोप केला, तो अखेर आला. शेषेरावांना हसावं का रडावं, कळेना.

"द्या बाबा, खुशाल द्या," उज्वलाबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "वाटंत तेवढं मीठ घ्यावं लागंल. घरातलं सगळं संपलंय!"